व्हाउचर, फ्लॅट आणि सहा गुंठे

१ ऑक्टोबर १९९२ पासून रशियात तान्ह्या बाळापासून पेन्शनरापर्यंत प्रत्येकाला १०,००० रुबल दर्शनी किमतीचं एक व्हाउचर मिळू लागलं. 'जनतेची' म्हणवणारी कारखानदारी आता जनतेच्या नावावर करायची, अशी ही योजना होती. तिचे सूत्रधार अनातोली चुबाइस यांनी एका व्हाउचरची किंमत पुढे दोन व्होल्गा मोटारींएवढी होईल, असं सांगितलं होतं. मोटार बहुतेकांना दिसलीच नाही. कुणी ते मेट्रो स्टेशनबाहेरच्या दलालाला मिळेल त्या भावात विकलं, तर कुणी गुंतवणूक फंडांत टाकलं आणि त्यांतले कित्येक फंड गायब झाले.

विकायची घाई का होती, ते त्या वर्षाच्या महागाईत दिसतं. २ जानेवारी १९९२ रोजी सुधारक मंत्री येगोर गायदार यांच्या पुढाकाराने बहुतेक वस्तूंचे भाव खुले झाले आणि वर्षभरात ते २५ पटींहून जास्त वाढले. बँकेत आयुष्यभर साठवलेल्या पैशांत किराणाही येईना. त्याच जानेवारीच्या अखेरीस निघालेल्या सरकारी हुकमाने कुणालाही कुठेही माल विकायची मुभा दिली, तेव्हा फुटपाथवर चिनीमातीची भांडी, लोकरी टोप्या, घरातली पुस्तकं मांडून माणसं उभी राहिली. पुढे याच गर्दीतून 'चेल्नोकी' तयार झाले. मोठमोठ्या चौकड्यांच्या पिशव्या घेऊन तुर्कस्तान, चीन, पोलंडला जायचं, कपडे आणायचे आणि बाजारात विकायचे, हा त्यांचा धंदा. त्यांत बायका जास्त, आणि अनेकजणी कालपर्यंत शिक्षिका नाहीतर इंजिनिअर होत्या.

कारखाने गेले कुठे? खासगीकरणाच्या पहिल्या फेरीत कामगारांच्या नावावर शेअर आले, पण कारभार जुन्या संचालकांच्याच हाती राहिला. खरी लूट १९९५ च्या अखेरीस झाली. तिजोरी रिकामी असलेल्या सरकारने बड्या कंपन्यांचे शेअर तारण ठेवून बँकांकडून कर्ज उचललं. ते फिटणार नव्हतं, आणि शेअर बँकांकडेच राहिले. नोरिल्स्क निकेल या खाण कंपनीचा ३८ टक्के वाटा अशाच तारण-लिलावात १७ कोटी डॉलरच्या आसपास गेला. लिलाव भरवणारी बँक आणि तो जिंकणारी बँक एकच होती. दुपटीहून मोठी बोली बाद ठरली.

सामान्य माणसाच्या पदरात पडलेली खरी मालमत्ता वेगळीच होती. जुलै १९९१ च्या कायद्याने सरकारी फ्लॅट राहणाऱ्याच्या नावावर फुकट होऊ लागले. शिवाय अनेकांकडे शहराबाहेर 'सहा सोतका' जमीन होती. एक सोतका म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास आपला गुंठाच. पगार महिनोन्‌महिने थकत होते आणि काही कारखाने पगाराऐवजी आपलाच माल हातावर ठेवत होते. १९९८ च्या उन्हाळ्यात थकलेल्या पगारासाठी कोळसा खाणकामगार मॉस्कोत सरकारी कचेरीसमोर हेल्मेट आपटत बसले होते. अशा काळात लोकांना जगवलं ते बटाट्याने. त्या दशकाच्या अखेरीस देशातले सुमारे ९० टक्के बटाटे अशा घरगुती जमिनींत पिकत होते.

या जमिनीने पोट भरलं, पण पडझड थांबली नाही. १९८७ च्या सुमारास पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६५ च्या जवळ होतं. १९९४ मध्ये ते ५८ च्याही खाली आलं. दारू, हृदयविकार, अपघात आणि आत्महत्या ही त्यामागची मोठी कारणं. फुकटचा फ्लॅटही सगळीकडे संपत्ती ठरला नाही. उत्तरेकडच्या व्होर्कुतात खाणी बंद पडत गेल्या आणि १९८९ मध्ये लाखावर असलेली वस्ती २०२१ पर्यंत निम्म्यावर आली. तिथे घर विकायचं म्हटलं तरी घेणारा कोण?

१७ ऑगस्ट १९९८ रोजी सरकारने आपल्या कर्जरोख्यांची परतफेड थांबवली. डॉलरला सहाच्या आसपास असलेला रुबल वर्षअखेर विसाच्या पलीकडे घसरला. पण आयात महागल्याने देशी कारखाने पुन्हा चालू लागले, पाठोपाठ तेलाचे भाव चढले आणि पगार, पेन्शन वेळेवर मिळू लागली. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पुतिन यांना ७१ टक्के मतं पडली, त्यांत या वेळेवरच्या पेन्शनचा वाटा मोठा होता. २००५ च्या जानेवारीत याच सरकारने फुकट प्रवास आणि औषधांच्या सवलती काढून रोख भत्ता देऊ केला, तेव्हा हेच पेन्शनर हमरस्ते अडवायला उतरले.

सुधारकांनी मालकी वाटली, पण ती राखणारी न्यायालयं आणि वेळेवर पगार देणारी व्यवस्था आधी उभी केली नाही. लोकशाही आणि लूट एकाच दशकात दारात आल्या. त्यामुळे असंख्य रशियनांनी दोन्हींचा हिशोब एकाच खात्यात मांडला, आणि त्याचं व्याज तो देश अजून फेडतो आहे.