आधी भिंत, मग टीव्ही

गणपतीत चाकरमानी गावी पोचले की कोकणातल्या घराची खरी बैठक भरते ती पडवीत. वारा असतो, येणारे-जाणारे दिसतात, चहा तिथेच येतो. आता या बैठकीत टीव्हीही आला आहे. किनाऱ्यालगतच्या होमस्टेंनी पाहुण्यांसाठी पडवीत टीव्ही लावले, शेतघरांच्या व्हरांड्यांत ते लागले, पुण्या-नाशिकच्या बंगल्यांत पत्र्याखालच्या गच्चीवर मॅच रंगू लागली. घेताना दुकानात प्रश्न विचारले जातात ते मात्र दिवाणखान्याचेच: किती इंची आणि कोणत्या कंपनीचा? पडवीसाठी टीव्ही घ्यायचा तर पहिला प्रश्न दुकानाबाहेर, घरीच सोडवावा लागतो. टीव्ही कोणत्या भिंतीवर लागणार? या एका उत्तरावर चित्र दिसेल की नाही हे ठरतं, आणि टीव्ही किती वर्षं टिकेल हेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

काळा रंग कुठे जातो?

एखाद्या पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. रात्री दिवाणखान्यात साधारण १०० लक्स उजेड असतो. भर दुपारी उघड्या अंगणात तो एक लाखाच्या घरात जातो. पडवी या दोन टोकांच्या मध्ये असते. तिच्या बाहेरच्या कडेला दिवसा १०,००० लक्स सहज मिळतात, तर आतल्या कोपऱ्यात १,००० लक्सच असू शकतात. हा दहापट फरक डोळ्यांना जाणवत नाही, कारण डोळे लगेच जुळवून घेतात. टीव्हीच्या पडद्याला ती सोय नाही.

टीव्ही पांढरा, लाल, निळा प्रकाश बाहेर टाकू शकतो. काळा प्रकाश असं काही नसतं. चित्रातला काळा भाग म्हणजे पडद्याचा प्रकाश न टाकणारा भाग. त्यावर बाहेरचा उजेड पडला की तो परततो आणि काळ्याचा राखाडी होतो. किती राखाडी, याचं गणित सोपं आहे. साध्या, न चकाकणाऱ्या पडद्यावर पडलेल्या उजेडापैकी दोन टक्के सगळीकडे विखरून परत येतो असं धरू. मग १०,००० लक्समध्ये काळा भाग सुमारे ६४ निट्सनी उजळतो. निट हे पडद्याच्या उजळपणाचं एकक आहे. घरगुती एलईडी टीव्ही साधारण ३०० निट्सचा असतो. म्हणजे पडवीच्या कडेला पांढरा भाग ३६४ आणि काळा ६४, जेमतेम पावणेसहा पट. अशा चित्रात रात्रीचा प्रसंग असेल तर माणसांचे चेहरेही ओळखू येत नाहीत.

आता हाच टीव्ही आतल्या कोपऱ्यात, १,००० लक्समध्ये लावा. काळा भाग सहा-साडेसहा निट्सवर येतो आणि फरक ४८ पटींच्या आसपास जातो. याउलट, टीव्ही कडेलाच ठेवून १,००० निट्सचा महागडा संच आणला, तरी फरक सतरा पटींच्या वर जात नाही. योग्य भिंतीवरचा साधा टीव्ही अयोग्य भिंतीवरच्या भारी टीव्हीला जवळपास तिपटीने मागे टाकतो.

प्रोजेक्टरला हाच नियम आणखी कडक लागू होतो. दोन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर १०० इंची पडद्यावर जेमतेम ७०० लक्स टाकतो. आतल्या कोपऱ्यातला दिवसाचा उजेडच त्याहून जास्त असतो. अंधार पडल्यावर मात्र प्रोजेक्टरसारखी मजा नाही.

आरशाची परीक्षा

विखुरलेल्या उजेडाबरोबर सरळ प्रतिबिंबाचाही त्रास असतो. काच तिच्यावर समोरून पडलेल्या प्रकाशातला सुमारे चार टक्के भाग आरशासारखा परत करते. चार टक्के किरकोळ वाटतात. पण पांढुरकं आभाळ ५,००० निट्सचं असेल, तर पडद्यावर २०० निट्सचं आभाळ दिसतं आणि ते चित्राच्याच तोडीचं असतं. पडवीच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे अंगणाकडे तोंड करून लावलेल्या टीव्हीत खेळाडूंच्या अंगावर माड हलताना दिसतात ते यामुळेच. उलट, टीव्हीची पाठ अंगणाकडे केली तर प्रतिबिंब जातं. पण बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लख्ख आभाळ येतं आणि त्याच्यापुढे पडदा काळवंडलेला वाटतो.

सर्वांत चांगली जागा म्हणजे पडवीच्या टोकाची आडवी भिंत, जिथून पडदाही आभाळाकडे पाहत नाही आणि माणसंही पाहत नाहीत. याची खात्री घरच्या आरशाने करता येते. टीव्हीची जी जागा मनात आहे तिथे कोणाला तरी आरसा धरायला सांगा आणि तुम्ही नेहमीच्या खुर्चीत बसा. आरशात अंगण किंवा आभाळ दिसलं तर उद्या ते पडद्यावरही दिसेल. अंधारी भिंत किंवा छपराचे वासे दिसले, तर जागा योग्य. ही परीक्षा सकाळी, दुपारी आणि सूर्य मावळायच्या दोन तास आधी अशी तीन वेळा करावी.

शेवटची वेळ महत्त्वाची आहे, कारण किनाऱ्यावरची कितीतरी घरं समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून असतात. मावळतीच्या दोन तास आधी सूर्य क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर असतो. वळचण जमिनीपासून ७ फुटांवर असेल, तर समोरून येणारं हे ऊन फरशीवर १२ फूट आत शिरतं. जुन्या घरांची छपरं इतकी खाली का उतरवलेली असतात ते इथे कळतं. वळचण फूटभर खाली आली की ऊन पावणेदोन फूट मागे हटतं, आणि पावसाची झडही थोपते. उत्तरेकडे तोंड असलेल्या पडवीला हा त्रास जवळपास नसतो.

ऊन आणि द्रवस्फटिक

आजच्या बहुतेक टीव्हींच्या पडद्यात द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो. १८८८ साली फ्रीडरिश रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला असा एक पदार्थ सापडला, जो एका तापमानाला वितळून गढूळ द्रव होई आणि आणखी तापवल्यावर दुसऱ्या तापमानाला एकदम नितळ. त्या गढूळ अवस्थेत रेणू द्रवासारखे वाहतात, तरी स्फटिकासारखी शिस्त पाळतात. वीज दिली की ते दिशा बदलतात, आणि याच गुणावर पडदा चालतो. या शास्त्रात भारताचाही ठसा आहे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांच्या गटाने १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले आणि या विषयात एक नवं दालन उघडलं.

रायनित्झरला दिसलेलं ते दुसरं तापमानच पडवीत आडवं येतं. साध्या टीव्हीतले द्रवस्फटिक साधारण ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की शिस्त सोडतात आणि पडद्यावर काळे डाग पसरतात. गार झाल्यावर डाग जातात. पण प्रकाशाचं ध्रुवीकरण करणारी फिल्म आणि तिचा गोंद यांना बसलेला चटका कायमचा. हवा ३५ अंश असताना पडदा ७० अंशांवर कसा जाईल? ४३ इंची पडद्याचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर असतं. त्याच्यावर समोरून पडणारं उतरतं ऊनसुद्धा सुमारे ३०० वॅटची उष्णता ओततं, आणि काळा पडदा त्यातली बहुतेक शोषून घेतो. टीव्ही स्वतः वापरतो ते १०० वॅटच्या आतबाहेर. वर तापलेला पत्रा असेल तर त्याची धग वेगळी. म्हणून टीव्ही बंद असतानाही त्याच्यावर थेट ऊन येता कामा नये.

पाऊस दिसतो, बाष्प दिसत नाही

बाहेरच्या वापराच्या उपकरणांवर ‘आयपी ५५’ असा शिक्का असतो. पहिला ५ धुळीपासूनचं संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचं. पाण्याच्या ५ या अंकासाठी ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा झोत सगळ्या बाजूंनी मारून पाहतात. पावसाच्या झडीला ही परीक्षा पुरेशी आहे. मात्र ती गोड्या पाण्याने आणि काही मिनिटांची असते. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्याहून मोठा शत्रू असते हवेतली वाफ.

श्रावणातल्या एखाद्या रात्री हवा २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर २६ अंशांच्या कोणत्याही वस्तूवर दव धरतं. म्हणजे टीव्हीतला एखादा भाग हवेपेक्षा फक्त दोन अंश गार असला तरी पुरे. वातानुकूलित खोलीतला २२ अंशांवरचा टीव्ही उचलून पडवीत आणला, तर चष्म्यावर येतं तसं पाणी त्याच्या आतल्या भागांवरही येऊ शकतं. तो आणल्यावर दीड-दोन तास तसाच ठेवून मग चालू करावा.

इथे अनेकांची काळजीच उलटी पडते. टीव्हीला प्लास्टिकचं घट्ट आवरण घातलं की पाऊस बाहेर राहतो आणि दमट हवा आत अडकते. आवरण हवं ते श्वास घेणाऱ्या कापडाचं, खालून मोकळं, आणि टीव्ही निवल्यावर घालायचं. पावसाळ्यात रोज तासभर टीव्ही चालू ठेवणं हाही उपाय आहे, कारण त्याची स्वतःची ऊब आतली ओल काढते. महिनोन्‌महिने बंद राहणारा टीव्ही पडवीत न ठेवलेलाच बरा.

मिठाचं काम

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. समुद्री मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते याहून कोरड्या हवेतही पाणी ओढतात. लाटा फुटताना उडालेले खारे कण वाऱ्याबरोबर गावात येतात. किनाऱ्यापासूनच्या पहिल्या काहीशे मीटरांत त्यांचा मारा सर्वाधिक असतो. हे कण टीव्हीच्या मागच्या जाळीतून आत शिरून सर्किट बोर्डावर बसतात आणि हवा दमट झाली की तिथे खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. त्यातून वीज वाहते, धातूचे आयन एका जोडापासून दुसऱ्याकडे सरकतात आणि केसासारखे बारीक धागे वाढतात. एक धागा दोन जोडांना टेकला की शॉर्ट. किनाऱ्यावरच्या अशा टीव्हीचं मागचं झाकण उघडलं की तांब्याच्या जोडांवर हिरवी कळक, डाखाच्या टोकांवर पांढरी भुकटी आणि कोपऱ्यात उबेला आलेल्या पालीची लेंडी, असं सगळं एकत्र सापडतं. बंदरपट्टीला दर महिन्या-दोन महिन्यांनी टीव्ही बंद करून, प्लग काढून मागची जाळी कोरड्या मऊ ब्रशने साफ करावी. पडदा पुसायला किंचित ओलं कापड पुरे; पाणी पडद्यावर थेट फवारू नये.

बाहेरचाच टीव्ही घ्यावा का?

खास बाहेरच्या वापराचे टीव्ही मिळतात. सॅमसंगने २०२० मध्ये आणलेला ‘द टेरेस’ आयपी ५५ दर्जाचा आहे. अशा संचांची अडचण मोठी रंजक आहे. पाणी आणि मीठ रोखायला पेटी बंद हवी आणि उष्णता बाहेर काढायला ती उघडी हवी. त्यामुळे बंद पेटीतली उष्णता धातूच्या पाठीवाटे किंवा आतल्या वेगळ्या हवेच्या मार्गाने बाहेर काढावी लागते, आणि जास्त उजळ पडद्यामुळे ती उष्णता आधीच जास्त असते. उन्हासाठीच्या पडद्यांत ११० अंशांपर्यंत टिकणारे द्रवस्फटिकही वापरतात. या सगळ्यामुळे किंमत साध्या टीव्हीच्या कैकपट होते. पडवी उथळ असेल, झड आत येत असेल किंवा दिवसाच टीव्ही बघायचा असेल, तर हा खर्च सार्थ आहे. खोल पडवीत, आडव्या भिंतीवर, संध्याकाळच्या मॅचसाठी साधा टीव्ही चालतो. फक्त चकाकी नसलेला पडदा घ्यावा आणि वॉरंटीच्या अटी वाचाव्यात, कारण साध्या टीव्हीच्या पुस्तिकेत बहुधा घरातल्याच वापराची अट असते. किनाऱ्यावर आणखी सुटसुटीत पर्याय म्हणजे चाकांचा स्टँड. संध्याकाळी टीव्ही बाहेर, रात्री आत.

तार, विजा आणि आवाज

ओल्या फरशीवर अनवाणी माणसं वावरणार, म्हणून पडवीतल्या सॉकेटला ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी असलाच पाहिजे. कातळावर घर असेल तर अर्थिंगची तपासणी मे महिन्यात करून घ्यावी, कारण जमीन वाळलेली असताना अर्थिंगची खरी कसोटी लागते. तारेला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळातून टपकून जातं, सॉकेटमध्ये शिरत नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की बटण बंद करून भागत नाही. प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढावीत. विजेचा धक्का यांपैकी कोणत्याही वाटेने येतो.

आवाजाचा हिशोबही पडवीत बदलतो. खोलीत भिंती आवाज परत पाठवतात; उघड्यावर तो निघून जातो आणि अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने घटतो. टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, म्हणून आपण आवाज वाढवत जातो आणि तो शेजाऱ्यांकडे पोचतो. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. छोटा स्पीकर बसणाऱ्यांच्या जवळ ठेवला तर कमी आवाजात संवाद स्पष्ट ऐकू येतात.

म्हणून खर्चाचा क्रम असा असावा: आधी आरसा धरून भिंत ठरवा, मग वळचण किंवा कापडी पडद्याने ऊन आणि झड अडवा, मग अर्थिंग आणि आरसीसीबी करून घ्या. इतकं झाल्यावर दुकानात जा. तेव्हा बहुतेक घरांना कळेल की हवा होता त्याहून बराच स्वस्त टीव्ही आपल्या पडवीला पुरतो.