जुन्या जपानी कॅमेऱ्याला तेल घालू नका

भिलाई हे यंत्रांवर जगणारं गाव. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ला सुरू झाली. तेव्हापासून मरोद्यात काय किंवा सेक्टरांतल्या क्वार्टर्समध्ये काय, हातात पेचकस धरायला कचरणारा माणूस शोधावाच लागतो. त्यामुळे माळ्यावरून वडिलांचा याशिका किंवा कॅनन खाली उतरला की सल्ल्यांना तोटा नसतो. अडचण एवढीच, की रोलिंग मिलला लागू पडणारं औषध या कॅमेऱ्यांना मानवत नाही.

गैरसमज : घरात जुना याशिका आहे, म्हणजे तो रेंजफाइंडरच.
वस्तुस्थिती : भारतात बऱ्याच घरांत असलेला याशिका एमएफ-२ हा कायमच्या ठरलेल्या फोकसचा कॅमेरा, त्यात रेंजफाइंडर नाही. १९६१चा कॅनोनेट किंवा १९६६चा याशिका इलेक्ट्रो ३५ हे खरे रेंजफाइंडर. ओळखायचं कसं? व्ह्यूफाइंडरमधून पाहा. मधोमध पिवळसर चौकोन दिसेल आणि लेन्सची रिंग फिरवली की त्यातलं दुसरं फिकट चित्र आडवं सरकेल. दोन्ही चित्रं एकमेकांवर बसली की फोकस झाला. अंतर ठेवून बसवलेल्या दोन खिडक्यांमधून एकच वस्तू पाहायची आणि कोनावरून तिचं अंतर काढायचं, ही शाळेतली त्रिकोणमितीच.

गैरसमज : रिंग फिरत नाही किंवा फिल्मची लिव्हर एकदा ओढून भागत नाही, म्हणजे बिघाड आहे.
वस्तुस्थिती : जपानी कंपन्यांनी तऱ्हेतऱ्हेचे प्रयोग केले. कोनिका थ्रीची लिव्हर लेन्सशेजारी असते आणि एका फोटोसाठी ती दोनदा खाली ओढावी लागते. फुजिका ३५-एमचं फोकसचं चाक मागे, अंगठ्याखाली आहे. १९४०च्या मामिया सिक्समध्ये तर फोकस करताना लेन्स जागेवरच राहते, मागची फिल्म पुढेमागे सरकते. जोर लावण्याआधी मॉडेलचं नाव वाचा आणि त्याची रीत समजून घ्या.

गैरसमज : जुनी बॅटरी मिळत नाही, म्हणजे कॅमेरा शोभेचा.
वस्तुस्थिती : पाऱ्याच्या बॅटऱ्या बंद झाल्या हे खरं. पण कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्रीचं शटर पूर्ण यांत्रिक आहे, बॅटरीवाचून फक्त प्रकाशमापक बंद राहतो. त्याला १.३५ व्होल्ट लागतात. दीड व्होल्टची बॅटरी घातली तर मापक प्रकाश जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतात. औषधांच्या दुकानात श्रवणयंत्राची १.४ व्होल्टची बॅटरी मिळते. ती भोवती रिंग घालून बसवली की काम होतं. इलेक्ट्रो ३५ला मात्र बॅटरी हवीच, नाहीतर शटर फक्त १/५०० सेकंदावर चालतं. त्याची मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची होती. आजची ६ व्होल्टची अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून वापरता येते.

गैरसमज : शटर अडकलं, दोन थेंब तेल सोडा.
वस्तुस्थिती : कॅमेरे हमखास मरतात ते याच उपायाने. लेन्समधल्या शटरची पाती कागदासारखी पातळ असतात आणि ती कोरडीच चालायला हवीत. तेलाचा पातळ थर आला तरी ती एकमेकांना चिकटतात. अडकण्याचं कारणही बहुधा आत सुकलेलं जुनं तेलच असतं. म्हणजे घालायचं नाही, काढायचं आहे. लायटरमध्ये भरतात त्या पेट्रोलने, थोडं थोडं, कापसाच्या काडीवर घेऊन.

गैरसमज : स्पिरिटने सगळं स्वच्छ होतं.
वस्तुस्थिती : मागच्या झाकणाच्या खाचेतला स्पंज कुजून डांबरासारखा झाला असेल, तर तो काढायला स्पिरिट उत्तम. तिथे मग काळी लोकर किंवा पातळ मखमल चिकटवा, प्रकाश आत शिरणार नाही. पण तेच स्पिरिट रेंजफाइंडरच्या अर्धपारदर्शक आरशावर फिरवलंत, तर त्याचा मुलामा निघून जातो आणि दुसरं चित्र कायमचं हरवतं. तिथे फुंकणीच्या हवेपलीकडे जाऊ नका. चित्रं जुळत नसतील तर मरोदा तलावाच्या काठावरून दूरच्या चिमणीवर कॅमेरा रोखा. रिंग अनंतावर ठेवली की दोन चिमण्यांची एक व्हायला हवी. होत नसेल तर रेंजफाइंडर जुळवायचा पेच किंचित फिरवा, आणि किती फिरवला ते लिहून ठेवा.

गैरसमज : चामडी केसमध्ये कॅमेरा सुरक्षित राहतो.
वस्तुस्थिती : प्रवासात धक्क्यांपासून, हो. पावसाळाभर कपाटात ठेवायला मात्र नाही. चामडं ओल धरून ठेवतं आणि लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते. केस वेगळी ठेवा, कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

आता इलेक्ट्रो ३५ची एक खूण. लिव्हर ओढताना ‘टक’ असा आवाज आला तर आतला रबरी तुकडा शाबूत आहे. नाही आला तर तो झिजलाय आणि शटर भलत्याच वेगाने चालतंय. हे काम जाणकाराकडेच द्या. बाकी लिव्हर, बॅटरी, स्पंज आणि बुरशी यांची तपासणी घरच्या टेबलावर होते. या रविवारी कॅमेरा खाली काढा, तेलाचा डबा मात्र कपाटातच राहू द्या.