धुराचा हिशेब

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा कारखाना चालविणारे एक परिचित गृहस्थ मध्यंतरी चार पानांची प्रश्नावली घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा माल उचलणाऱ्या एका मोठ्या कंपनीने विचारले होते : वर्षभरात वीज किती, बॉयलरला इंधन किती, पाणी किती लागले? "साहेब, जीएसटी कसाबसा अंगवळणी पडला. आता धुराचीही खतावणी लिहायची का?"

'सेबी'ने मे २०२१ मध्ये 'बीआरएसआर' हा पर्यावरण व सामाजिक दायित्वाचा अहवाल ठरविला आणि बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा केला. जुलै २०२३ मध्ये त्यातील गाभ्याच्या आकड्यांना त्रयस्थ तपासणीची अट लागली. आरंभ पहिल्या १५० कंपन्यांपासून. त्यापुढचे कलम आपल्या पेठेला भिडणारे आहे. पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, असा तो विचार होता. मार्च २०२५ मध्ये हा भाग ऐच्छिक झाला, एक वर्ष पुढे गेला आणि खरेदी-विक्रीत २ टक्के वा अधिक वाटा असणाऱ्यांपुरताच उरला. म्हणजे आमच्या गृहस्थांवर कायद्याची सक्ती नाही. पण मागणारा कायदा नसून गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणणे व्यापाऱ्याला परवडत नाही.

अमेरिकेत या विषयाने न्यायालय गाठले. तेथील भांडवल बाजार नियामकाने ६ मार्च २०२४ रोजी ३ विरुद्ध २ मतांनी नियम संमत केला. पुरवठादारांच्या धुराचा भाग त्यातून आधीच वगळला होता. तरी दावे झाले, महिन्याभरात अंमल थांबला, आणि मार्च २०२५ मध्ये नियामकाने स्वतःच बचाव सोडला. खर्च फार आणि आकडे अंदाजपंचे, हे विरोधकांचे म्हणणे.

दुसरा आक्षेप मला खोटा वाटत नाही. शाखेत असताना कॅश क्रेडिटची स्टॉक स्टेटमेंटे मी वर्षानुवर्षे पाहिली. काही खात्यांत आषाढात जो साठा, तोच दिवाळीत! आम्हीही ती मुकाट्याने फाइलीला लावीत असू. गोदामात जाऊन गाठी मोजल्या म्हणजे मात्र लेखणी आपोआप सरळ चाले. म्हणून माझ्या मते तपासणीवाचून सक्ती व्यर्थ. आणि तपासणीचा खर्च छोट्या कारखानदाराच्या माथी न मारता माहिती मागणाऱ्या कंपनीने सोसावा.

हिशेब मात्र वाटतो तितका गहन नाही. स्वतः जाळलेला कोळसा, लाकूड, डिझेल हा पहिला रकाना. विकत घेतलेली वीज हा दुसरा. ग्रीडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण तो आकडा प्रसिद्ध करते. आपल्याजवळच्या फताटेवाडीच्या १३२० मेगावॅट केंद्राचा धूर एनटीपीसीच्या पहिल्या रकान्यात पडतो आणि ती वीज वापरणाऱ्याच्या दुसऱ्या. एकच धूर दोन वह्यांत लिहिलेला पाहून जमाखर्चात मुरलेल्या माणसाला प्रथम खटकते. परंतु एकाचे नावे ते दुसऱ्याचे जमा, हे तर आपण नित्य लिहितो.

पुढच्या रविवारी ते गृहस्थ बारा महिन्यांची वीजबिले व कोळशाच्या वजनकाट्याच्या पावत्या घेऊन आले. दोन रकाने तासाभरात भरले. पाण्याचा राहिला. टँकरच्या पावत्या कोणी ठेवल्याच नव्हत्या.