तळ्यातली मासळी : मोजावी की तोलावी?

मंडळी, पैनगंगेच्या काठच्या देऊळघाटात मासळीची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न असा की, तळ्यात मासे पुष्कळ असले म्हणजे मासळी पुष्कळ झाली का? नवल वाटेल, पण तसे नाही.

ज्वारी दाट उगवली तर आपण विरळणी करतो. न केली तर ताटे बारीक राहतात, कणीस भरत नाही. तळ्याचेही तेच बघा. पाण्यातले सूक्ष्म जीव, शेवाळ, कुजका पाला हे माशाचे अन्न. ते तळ्याच्या ऐपतीप्रमाणेच तयार होते. समजा, वर्षाला पाचशे किलो मासळी पोसेल एवढे अन्न आहे. एक हजार मासे असले तर एकेक अर्धा किलोचा होईल; पाच हजार असले तर शंभर ग्रॅमचा. शिवाय मासा अर्धपोटी राहिला म्हणून लगेच मरत नाही. तो जगतो, पण खुजा राहतो.

याचा मोठा दाखला उत्तर नॉर्वेतला आहे. तिथे टाकवात्न नावाचे थंड पाण्याचे सरोवर आहे. त्यात १९३० मध्ये ‘चार’ नावाचा मासा सोडला. (हे माशाचे नाव हो, आकडा नव्हे!) तो इतका वाढला की सरोवर खुज्या माशांनी भरून गेले. मग १९८४ ते १९८९ या काळात संशोधकांनी त्यांतले सुमारे ६ लाख ६६ हजार मासे काढले. वजन भरले ३१ टन. म्हणजे एक मासा सरासरी पन्नास ग्रॅमचाही नव्हता! दाटी कमी होताच उरलेले मासे झपाट्याने वाढू लागले. तिथला ट्राउट मासाही वाढला आणि लहान चार खाऊन पुन्हा दाटी होऊ देईना. वीस वर्षांनंतरही हा फरक टिकून होता.

आपले पाणी उष्ण. इथे ट्राउट-चार जगायचे नाहीत. आपले मासे रोहू, कटला, मृगळ. ते साचलेल्या तळ्यात सहसा पिले देत नाहीत. म्हणून त्यांची संख्या बीज सोडणाऱ्याच्याच हाती असते. पूर्वी हे बीज नदीतून गोळा करावे लागे. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाला पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालवण्यात यश मिळवले आणि पुढे बीज मुबलक झाले. पण मुबलक मिळते म्हणून वाटेल तेवढे सोडू नये. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिन्ही मिळून सोडले तर अन्न वाया जात नाही.

तिलापियाची गोष्ट निराळी. तो तळ्यातच भराभर पिले देतो आणि टाकवात्नसारखी दाटी करतो. त्याला वरचेवर जाळ्याने काढलेच पाहिजे. मरळ त्याची पिले खातो खरा, पण आपली बोटुकलीही सोडत नाही, हे ध्यानात ठेवा.

उन्हाळ्यात पाणी आटते. वाढीला महिने मोजकेच. तेव्हा गुरुजी, मासेमार बंधूंबरोबर मुलांना तळ्यावर न्या. दर महिन्याला जाळ्यात आलेले दहा-वीस मासे तोलून वहीत नोंदवा. वजन वाढत नसेल तर दाटीचा संशय घ्या, आणि मोठे मासे काढून विकायला लागा. उरलेल्यांना जागा होईल, अन्न पुरेल. बाजारात मासळी तोलूनच विकली जाते. तळ्यातही तिचा हिशेब तोलूनच ठेवावा.