दिवस नीरेकाठी, कर कॅनडात

शिरवळच्या आसपासच्या कंपन्यांमधल्या कामगारांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देणं हा माझा धंदा. त्यामुळे ब्रॅम्पटनच्या भाच्याने २०२३ साली कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा पहिला फोन मलाच आला. "मामा, टॅक्सचे कागद तेवढे नजरेखालून घाला."

टॅक्सचं लगेच उरकलं. कॅनडात अर्जाआधीच्या पाच वर्षांपैकी किमान तीन वर्षांचे रिटर्न भरलेले असावे लागतात, अर्थात ज्याला ते भरणं बंधनकारक आहे त्याने. मालक फेब्रुवारीअखेर टी-फोर देतो, तो आपला फॉर्म सोळाच समजा. रिटर्नची मुदत ३० एप्रिल. नंतर खात्याकडून नोटीस ऑफ असेसमेंट येते, ती आपल्याकडच्या १४३(१) च्या पत्रासारखी. नोटीस म्हटली की आमचे लोक दचकतात आणि कागद कुठेतरी सारून देतात. भाच्याने मात्र सगळ्या जपल्या होत्या.

गोम होती दिवसांत. सही करण्याआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस अंगाने कॅनडात असावं लागतं. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळण्यापूर्वी शिकायला किंवा वर्क परमिटवर असताना काढलेला दिवस अर्धा धरतात, आणि अशा दिवसांची बेरीज ३६५ च्या वर जात नाही. भाचा २०२० च्या फेब्रुवारीत चुलत बहिणीच्या लग्नाला शिरवळला आला आणि २३ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. माडीवर लॅपटॉप मांडून तो रात्रभर टोरांटोच्या घड्याळावर काम करायचा, पहाटे धारेच्या वेळी झोपायचा. परत जायला दसरा उजाडला.

त्या वर्षीचा पगार कॅनडातला, घर आणि बँक कॅनडातली. म्हणून तिथल्या कर खात्याच्या लेखी तो वर्षभर कॅनडाचाच रहिवासी, कर पूर्ण भरलेला. "मग वर्षही पूर्णच धरायचं ना?" असं त्याचं म्हणणं. तसं नाही. नागरिकत्वाचं खातं शिरवळचे ते दिवस शून्य धरतं. वर आपल्या कायद्याने आर्थिक वर्षात १८२ दिवस इथे राहिलेला माणूस भारतातही रहिवासी ठरतो. दोन्हीकडे रहिवासी ठरलेल्याने कर कुठे भरायचा, याचा निवाडा भारत-कॅनडा करारातल्या कलमांवर होतो. मला स्वतःला हा हिशेब अन्यायाचा वाटत नाही. कर उत्पन्नावर असतो, नागरिकत्वाला माणूस तिथे राहिलेला हवा. पण हे आधी कुणी सांगत नाही.

सलग १८३ दिवसांहून जास्त बाहेर राहिल्यामुळे भारतातला पोलीस दाखलाही जोडावा लागला. आणि जाण्या-येण्याच्या तारखा! त्या जुन्या पासपोर्टात होत्या, आणि जुना पासपोर्ट बहिणीच्या लोखंडी कपाटात, सातबारा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत. कोपरा कापलेला, 'रद्द'चा शिक्का मारलेला. मुंबई विमानतळाचा शिक्का इतका पुसट की आकडा २० आहे की २६ हे भिंगातूनही कळेना. शेवटी विमान कंपनीचा जुना ईमेल सापडला तेव्हा २० ठरली. गेलेला आणि परतलेला हे दोन्ही दिवस कॅनडात राहिल्याचे धरतात, एवढी सवलत आहे. तरीही दिवस कमी पडले, म्हणून त्याने अर्ज काही महिने पुढे ढकलला. उगाच घाई करून अर्ज फेटाळून घेण्यापेक्षा ते बरं. आपला देश तरी कुठे कमी मागतो? परदेशी माणसाला इथला नागरिक व्हायचं तर साधारणपणे आधीचे सलग १२ महिने, आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षं इथे काढावी लागतात.

बहिणीला धास्ती वेगळीच होती, "पोरगा तिकडचा झाला की रान जाणार का?" जात नाही. १९५५ च्या कायद्याप्रमाणे दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडियाचं, कार्ड काढता येतं. ओसीआयवाल्याला मत देता येत नाही, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित मात्र वारसाने मिळते, आणि पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. तेव्हा ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी दोन कामं करावीत: मुलांचे जुने पासपोर्ट रद्दीत टाकू नयेत, आणि तलाठ्याकडे अडलेली वारसनोंद मुलाचा पासपोर्ट बदलायच्या आत उरकून घ्यावी.