उसनी कुलपे

बेंगळुरूच्या आग्नेय भागात कोरमंगला नावाची वसाहत आहे. २००७ साली फ्लिपकार्टने तेथीलच एका सदनिकेतून पुस्तकविक्रीस प्रारंभ केला, आणि पुढे नवोदित उद्योगांची तेथे रीघ लागली. कोणी औषधे घरपोच पाठवितो, कोणी रुग्णांच्या नोंदी राखतो, कोणी दुकानदाराचे पैसे त्याच्या खात्यात पोहोचवितो. व्यवसाय भिन्न असले तरी एक गोष्ट सर्वांना समान आहे. ग्राहकाचा निरोप वाटेत कोणी वाचू नये किंवा बदलू नये, यासाठी जे गूढलेखन लागते ते यांपैकी बहुधा कोणीही स्वतः रचीत नाही. ते उसने आणलेले असते.

ते उसने असावे हेच योग्य होय. बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविणाऱ्या दलालांचे रहस्य त्यांच्या रीतीत असते. रीत कळली की रहस्य संपले. आधुनिक गूढलेखनाचा न्याय नेमका उलट आहे. रीत सर्व जगाला ठाऊक असावी, गुप्त असावी ती केवळ किल्ली, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहोफ्स यांनी १८८३ सालीच मांडले. म्हणूनच अनेकांनी तपासलेले खुले गूढलेखन हे घरी गुपचूप घडविलेल्या कुलपापेक्षा अधिक भरवशाचे ठरते. १९९८ पासून चालत आलेले ओपनएसएसएल हे अशा सामाईक संग्रहांपैकी सर्वांत परिचित. जाणकार अशा संग्रहाला लायब्ररी म्हणतात.

मात्र मूळ लेखकाने लिहिलेली आज्ञावली थेट आपल्या संगणकात येत नाही. मध्ये एक कारागीर असतो. तो ती पारखतो, बांधतो, तिला कोणकोणत्या लायब्रऱ्यांची गरज आहे ते नोंदवितो आणि पॅकेजच्या रूपाने वाटतो. डेबियन, फेडोरा यांसारख्या मुक्त प्रणाली अशा कारागिरांच्या श्रमांवर उभ्या आहेत. गूढलेखनाच्या बाबतीत त्याच्यापुढे जे प्रश्न येतात, ते नीट समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला प्रश्न असा, की प्रत्येक पॅकेजात लायब्ररीची स्वतंत्र प्रत घालावी, की सर्वांनी मिळून एकच प्रत वापरावी? स्वतंत्र प्रत सोयीची वाटते. कोणाशी जुळवून घ्यावे लागत नाही. तिची किंमत ७ एप्रिल २०१४ रोजी कळली. ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष त्या दिवशी जाहीर झाला. चार अक्षरे पाठवून हजारो अक्षरे पाठविल्याची बतावणी केली, तर सर्व्हर स्वतःच्या स्मृतीतील मजकूर तितक्या प्रमाणात परत देत असे, आणि त्या मजकुरात गुप्त किल्लीही असू शके. जेथे सामाईक प्रत होती तेथे ती एक बदलून सेवा पुन्हा सुरू केल्या की भोक बुजले. नव्या किल्ल्या मात्र करून घ्याव्या लागल्या. ज्यांनी आपापल्या पोटात प्रती दडविल्या होत्या, त्यांना प्रथम त्या शोधाव्या लागल्या.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. उसन्या कुलपात आपण दुरुस्ती करावी काय? २००६ साली डेबियनमधील एका कारागिराला तपासणीच्या साधनाने इशारा दिला, की ओपनएसएसएल कोरी स्मृती वाचीत आहे. त्याने मूळ मंडळींकडे पृच्छा केली. विरोध झाला नाही. मग त्याने दोन ओळी रद्द केल्या. त्यांपैकी एक निरुपद्रवी होती. दुसरीतून मात्र किल्ली घडविण्यासाठी लागणारी सारी अनिश्चितता आत येत होती. ती गेल्यावर उरला केवळ प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. कुलूप दिसायला तेच होते, उघडझापही नीट होत होती. परंतु चोराला सर्व किल्ल्यांचा जुडगा एका दिवसात करता आला असता. दोष १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. जवळजवळ वीस महिने तो कोणाच्या ध्यानात आला नाही, कारण गूढलेखनाचा बिघाड यंत्र बंद पाडीत नाही. हेतू शुद्ध होता, विचारपूसही केली होती, तरी अनर्थ टळला नाही.

तिसरा प्रश्न कायद्याचा. अमेरिकेने गूढलेखनाची निर्यात दीर्घकाळ नियंत्रित केली होती. त्यामुळे डेबियनला अशी पॅकेजे अमेरिकेबाहेरील वेगळ्या भांडारात ठेवावी लागत. २००० साली नियम सैल झाले आणि २००२ च्या आवृत्तीत ती मुख्य भांडारात आली. परवान्याचाही पेच होताच. ओपनएसएसएलचा जुना परवाना जीपीएलशी जुळत नसे. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीने अपाचे परवाना स्वीकारल्यावर तो बराचसा सुटला.

चौथा प्रश्न सर्वांत अलीकडचा. आपण काय उसने आणले हे माहीत असते. त्या उसनवारीने आणखी काय आणले, हे माहीत असते काय? २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या दाबसाधनात लपविलेली चोरवाट उघड केली. एक्सझेडचा गूढलेखनाशी संबंध नाही. परंतु काही प्रणालींनी दूरस्थ प्रवेशाच्या ओपनएसएसएच आज्ञावलीला एक लहानशी जोड दिली होती, आणि त्या जोडीच्या मागून ही लायब्ररी आत शिरत होती. प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, या कुतूहलातून हा कट उघडकीस आला. चोरवाट जागी करणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या मूळ लेखनात नव्हती. ती वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात होती.

कोरमंगल्यातील चार खोल्यांच्या कंपनीने यातून काय घ्यावे? उसनवारीची लेखी यादी ठेवावी. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनेही २०२४ साली अशा याद्यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. ज्या आवृत्तीची देखभाल थांबली ती सोडावी; ओपनएसएसएल १.१.१ ची सार्वजनिक देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली. कुलपाच्या आतील भागाला आपण हात लावू नये. लावणे भागच असेल तर बदल मूळ लेखकांकडून तपासून घ्यावा.

आपल्याकडे सरकारी कोषागारांत दुहेरी कुलपाची पद्धत आहे. दोन किल्ल्या दोघांच्या हाती. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. तीत कोणाच्याही सचोटीचा अवमान नाही. एकाच मूळ लेखनापासून दोन निरनिराळ्या ठिकाणी पॅकेज बांधावे आणि ती अक्षरशः एकरूप निघतात काय ते पाहावे, असा उद्योग डेबियनमध्ये २०१३ पासून चालू आहे. तो याच जुन्या शहाणपणाचा नवा अवतार होय. रुग्णाची नोंद आणि दुकानदाराचा पैसा ज्या कुलपामागे आहे ते उसने असेल. परंतु ते कोणी घडविले, कोणी बांधले आणि कोणी पुन्हा तपासले, हे विचारण्याचे कर्तव्य मात्र उसने देता येत नाही.