ज्ञानाचे जतन आणि संवादाचे माध्यम : धाराशिव जिल्ह्यातील एक उदाहरण

ज्ञानव्यवस्थापन ही संज्ञा व्यवस्थापनशास्त्रात गेल्या तीन दशकांत रूढ झाली. संस्थेतील माणसांस जे ठाऊक आहे ते हेरणे, नोंदविणे, इतरांपर्यंत पोहोचविणे आणि कार्यात उतरविणे, असा तिचा स्थूल अर्थ होय. यांपैकी नोंदविण्याची क्रिया पार पडली की पोहोचविण्याची क्रिया आपोआप घडते, असे बहुधा गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार धाराशिव (२०२३ पर्यंतचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या अलीकडील इतिहासाच्या आधारे करता येण्यासारखा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करावयास हवा. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द टॅसिट डायमेन्शन’ या ग्रंथात, मानवी ज्ञानाचा मोठा भाग शब्दांत न उतरणारा असतो, असे प्रतिपादन केले. ज्वारीच्या पिठाची ‘विरी’ गेली आहे हे भाकरी थापणाऱ्या हातास तत्काळ कळते. परंतु ती किती गेली हे त्या हाताच्या धनिणीस सांगता येईलच असे नाही. अशा ज्ञानास अव्यक्त ज्ञान म्हणता येईल. नियम, आकडे, आराखडे या रूपाने मांडलेले ते व्यक्त ज्ञान. इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांनी १९९५ साली असे दाखविले की, संस्थेत नवे ज्ञान निर्माण होते ते या दोहोंच्या परस्पर रूपांतरातून. तेव्हा खरा प्रश्न साठवणीचा नसून रूपांतराचा आहे.

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांस भूकंपाचा धक्का बसला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी व उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर ही गावे त्यात उद्ध्वस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच घरांखाली. घरांच्या भिंती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या. भिंतीचे आतील व बाहेरील अंग वेगवेगळे रचून मधली पोकळी लहान दगडांनी भरण्याची रीत होती. दोन्ही अंगांस एकत्र धरून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. वर मातीचे जड माळवद असे. मात्र ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तेथे भिंती पडूनही सांगाडा पुष्कळदा उभा राहिला.

या संकटातून कोणता बोध घ्यावयाचा, हे दोन ठिकाणी विभागलेले होते. अभियंत्यांपाशी व्यक्त ज्ञान होते. त्याच वर्षीच्या भारतीय मानक १३८२८ मध्ये दगडी भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरांहून अधिक नसावी, आणि आरपार दगड दर ६०० मिलिमीटर उंचीस व १.२ मीटरांहून अधिक नाही अशा अंतरावर असावेत, असे निर्देश होते. गावातील गवंडी व घरधनी यांच्यापाशी वेगळे ज्ञान होते : दगड कोणत्या खाणीचा, कोणती भिंत पावसाळ्यात फुगते, माळवदावर दरसाल मातीचा थर का चढवावा लागतो, जाड भिंतीने उन्हाळा कसा सुसह्य होतो. पहिले ज्ञान कागदावर होते, दुसरे हातांत होते. कागद वाटल्याने ही दरी बुजणे शक्य नव्हते.

पूर्णतः उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचे पुनर्वसन नव्या जागी करण्यात आले. त्याहून कितीतरी अधिक गावांत मात्र घरधन्यानेच हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या अनुदानातून आपल्या घराची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून चाललेल्या शासनाच्या या कार्यक्रमात ‘संवाद सहायक’ या नावाची एक योजना झाली. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने तीत पुढाकार घेतला. महिला मंडळांतील स्त्रियांनी घरोघर जाऊन दुरुस्तीचे नियम समजावून द्यावेत, आणि कुटुंबांच्या अडचणी अभियंत्यांपर्यंत न्याव्यात, अशी ती योजना होती.

हे पद निरोप्याचे नव्हते. ‘बंधक घटक’ हा मानकातील शब्द आणि दोन्ही अंगांस धरून ठेवणारा लांब दगड ही गवंड्याची कल्पना, यांची गाठ घालून देणे हे भाषांतराचे काम आहे. आणि भाषांतरकारास दोन्ही भाषा अवगत असाव्या लागतात. भिंतीपाशी उभे राहून, बोट ठेवून, विचारून व विचारू देऊनच हे काम होते. अव्यक्ताचे व्यक्तात आणि व्यक्ताचे पुन्हा हातांत रूपांतर व्हावयाचे ते येथे. पुढे २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये, आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत, या अनुभवी स्त्रियांनी तेथील स्त्रियांस आपले शिक्षण दिले. भाषा निराळ्या असूनही हे घडले, याचे कारण ज्ञानाबरोबर ते जाणणारी माणसेही गेली होती.

आता सहकार्याच्या आधुनिक साधनांकडे वळता येईल. ज्युलियन ऑर यांनी १९९६ सालच्या आपल्या ग्रंथात झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती कामगारांचा अभ्यास मांडला. हस्तपुस्तिकेत नसलेली युक्ती हे कामगार गप्पांमधील गोष्टींतून एकमेकांस शिकवीत, असे त्यांना आढळले. त्याच कंपनीची ‘युरेका’ ही संगणकीय नोंदवही उपयुक्त ठरली, कारण तीत कामगारांच्या स्वतःच्या युक्त्या होत्या, त्या सहकाऱ्यांनी पारखलेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर सांगणाऱ्याचे नाव होते. साधनाने संवादाची जागा घेतली नाही. त्याची कक्षा वाढविली.

हीच कसोटी धाराशिवमधील आजच्या साधनांस लावावयास हवी. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या जिल्ह्याचाही समावेश होता. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई हिच्या साहाय्याने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे संगणकीय साधन त्यात सिद्ध झाले. पाऊस, माती, उतार, पिके यांवरून ते पाण्याची तूट सांगते. परंतु फाल्गुनात प्रथम कोणती विहीर आटते आणि कोणाच्या बोअरने ती आटते, हे गाव सांगू शकते. गावाच्या बैठकीत हे दोन्ही एकत्र आले तरच ताळेबंदाचे ज्ञान होते. एरवी ती माहितीच राहते. मोबाइलवरील गटांतून पुढे धाडलेल्या संदेशांचीही हीच गत होय.

यावरून तीन तत्त्वे निष्पन्न होतात. नोंद ही संवादाचे फलित असावी, त्याचा पर्याय नव्हे. दोन्ही पक्षांची भाषा जाणणारा मध्यस्थ हा संस्थेच्या रचनेचा अंगभूत भाग असावा. आणि ज्ञान ज्याचे, त्याचे नाव त्या ज्ञानाबरोबर राहावे.

या विचारास काळाची मर्यादाही आहे. भूकंपानंतर जन्मलेली पिढी आज स्वतःची घरे बांधीत आहे, आणि १९९४ मधील संवाद सहायक स्त्रिया वृद्धत्वाकडे झुकल्या आहेत. अहवाल व मानके सुरक्षित आहेत. परंतु भिंतीत आरपार दगड का घालावयाचा, हे नव्या घरधन्यास त्याच्या भिंतीपाशी उभे राहून समजावून सांगणारी माणसे घडवावयाची असतील, तर जुन्या संवाद सहायक बोलू शकतात तोवरच ते घडविता येईल.